आयर्लंडमध्ये मूल क्रेशला घालायचंय? पैशाचं नंतर बघू, आधी जागेचं बघा

आयर्लंडमध्ये सध्या लहान मुलांच्या आईबापांच्या तोंडी एकच आकडा आहे, महिन्याला २०० युरो. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर जे सरकार आलं त्याने आपल्या कार्यक्रमात लिहून दिलंय की पाळणाघराचा, इथे सगळे क्रेशच म्हणतात, तर त्या क्रेशचा खर्च दर मुलामागे महिन्याला २०० युरोवर आणू. आता हा आकडा केवढा मोठा आहे ते कळायला आजचा हिशोब बघा. सरकारी करारातल्या क्रेशला पूर्ण दिवसाच्या जागेसाठी, म्हणजे आठवड्याला ४० ते ५० तास, सप्टेंबर २०२५ पासून जास्तीत जास्त २९५ युरो लावता येतात, त्यातून सगळ्यांना मिळणारी सबसिडी वजा केली की आईबापांच्या खिशातून जवळपास १९९ युरो जातात, आणि हे दर आठवड्याचे. म्हणजे जिथे ही कमाल फी लागते तिथे आज आठवड्याला जेवढे जातात तेवढेच उद्या महिन्याला जातील असं सरकार म्हणतंय.

ऐकायला फारच छान आहे. पण डब्लिन, कॉर्क, गॉलवेमध्ये बाळ असलेल्या कुणालाही विचारा, पहिली तक्रार पैशाची नसते. "वीस ठिकाणी नाव टाकलंय, एकाचाही फोन नाही" ही असते.

२०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ४५,४४९ भारतीय नागरिक मोजले गेले, त्यात आपली मराठी माणसंही आहेत, आयटीत, हॉस्पिटलांत, औषध कंपन्यांत, आणि बहुतेक जण नेमके त्या वयाचे की कडेवर एक लहानगं असतंच. ऑफर लेटर आलं की सगळे घरभाडं बघतात, टॅक्स बघतात, क्रेशचं मात्र "तिकडे गेल्यावर बघू" असं होतं. म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या, इथे पैशाची मदत आणि प्रत्यक्ष जागा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, पहिलं मिळालं म्हणून दुसरं मिळत नाही. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी रजा, कारण सुरुवात तिथून होते

बाळंतपणाची रजा २६ आठवडे, त्या काळात सरकार आठवड्याला ठरावीक रक्कम देतं, २०२५ मध्ये ती २८९ युरो होती, २०२६ पासून २९९. पगार चालू राहतो असं नाही हं, कंपनीने वरची भर घातली तर तिची मर्जी, कायद्याने ती बांधील नाही. यातले कमीत कमी २ आठवडे बाळ यायच्या आधी घ्यावेच लागतात. त्यापुढे आणखी १६ आठवडे बिनपगारी घेता येतात. बापाला २ आठवडे. आणि याशिवाय दोघांनाही प्रत्येकी ९ आठवड्यांची एक वेगळी रजा आहे, मूल २ वर्षांचं व्हायच्या आत घ्यायची, तिलाही सरकार तेवढेच पैसे देतं. ही ९ आठवड्यांपर्यंत ऑगस्ट २०२४ मध्ये वाढली, त्यामुळे जुनी माहिती वाचून कुणी ७ आठवडे सांगत असेल तर ते मागचं आहे.

नवीन आलेल्यांनी एक अट लक्षात ठेवा, हे पैसे सामाजिक विम्यातून येतात, नोकरदारांना साधारण नियम असा की रजेच्या आधीच्या १२ महिन्यांत ३९ आठवड्यांचा विमा हप्ता पगारातून कापला गेलेला असावा. येऊन चार महिने झाले आणि गोड बातमी आली तर आधी हे मोजा.

आता बेरीज करा. आईने २६ अधिक ९ आठवडे घेतले तर ती कामावर जाते तेव्हा बाळ साडेसात महिन्यांचं असतं. हे वय ध्यानात ठेवा, कारण क्रेशमध्ये जागा मिळायला सगळ्यात अवघड वय हेच आहे. का ते पुढे येतंय.

दोन योजना, दोघींची कामं वेगळी

लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण नावं दोन्हींची लांबलचक आणि लोक दोन्हींना सरसकट "सबसिडी" म्हणून टाकतात.

पहिली नॅशनल चाइल्डकेअर स्कीम, एनसीएस. ही २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. मूल २४ आठवड्यांचं झालं की ते १५ वर्षांचं होईपर्यंत. यात दोन प्रकार. एक सगळ्यांसाठी, उत्पन्न कितीही असो, तासाला २.१४ युरो, आठवड्याला जास्तीत जास्त ४५ तास, म्हणजे ९६ युरो ३० सेंट. दुसरा उत्पन्न बघून, कर वगैरे जाऊन घरात येणारं उत्पन्न वर्षाला ६०,००० युरोच्या खाली असेल तर त्या प्रमाणात जास्त मिळतं. २६,००० च्या खाली असेल आणि मूल वर्षाच्या आतलं असेल तर तासाला ५.१० युरो, म्हणजे ४५ तासांचे जवळजवळ २३० युरो, तिथे मग २९५ मधले ६५ च भरायचे राहतात. एकाच्या पगारावर चालणाऱ्या घरांनी हा दुसरा प्रकार नक्की तपासावा, एकापेक्षा जास्त मुलं असतील तर मोजताना उत्पन्नातून थोडी सूटही मिळते.

हे पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत. थेट क्रेशला जातात आणि तुमच्या बिलातून तेवढे कमी होतात. म्हणजेच क्रेशच नसेल तर सबसिडीही शून्य, मंजुरीचं पत्र हातात असलं तरी.

दुसरी योजना ईसीसीई, हिला लोक "फ्री प्रीस्कूल" म्हणतात. २०१० च्या जानेवारीत एका वर्षासाठी आली आणि २०१८ पासून पूर्ण दोन वर्षं झाली. रोज ३ तास, आठवड्याचे ५ दिवस, वर्षाचे ३८ आठवडे, सप्टेंबर ते जून. ३१ ऑगस्टला मूल २ वर्षं ८ महिन्यांचं पूर्ण असेल तर त्या सप्टेंबरला घेतात. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ आत आणि १ जानेवारीचं पुढच्या वर्षी, एका दिवसाने अख्खं वर्ष जातं, आणि तोपर्यंतची फी आईबापांकडेच.

ईसीसीई खरंच फुकट आहे आणि मनापासून सांगतो, चांगली आहे. मुलं चिखलात खेळतात, गाणी म्हणतात, अक्षरं गिरवायला कुणी बसवत नाही, आपल्याकडच्या नर्सरीची सवय असलेल्या आजीआजोबांना सुरुवातीला वाटतं इथे काही शिकवतच नाहीत, पण साडेतीन वर्षांच्या पोराला तेच हवं असतं. अडचण एवढीच की ९ ला सोडलेलं मूल १२ ला घ्यायला जायचं. नोकरी करणाऱ्या दोघांपैकी कोण जाणार? म्हणून मग ईसीसीईचे ३ तास ज्या क्रेशच्या पूर्ण दिवसातच बसवलेले आहेत अशी जागा शोधतात, त्या ३ तासांचे पैसे ईसीसीईतून आणि उरलेल्या तासांवर एनसीएस. एकाच तासावर दोन्ही मिळत नाही.

मग जागा का नाहीत?

याचं मूळ एका नियमात आहे, आणि तो नियम चांगला आहे. पूर्ण दिवसाच्या क्रेशमध्ये एका मोठ्या माणसामागे किती मुलं ठेवायची ते कायद्याने ठरलंय. वर्षाच्या आतली फक्त ३. एक ते दोन वर्षांची ५. दोन ते तीनची ६. तीन ते सहाची ८. तीन तासांच्या ईसीसीई वर्गात ११.

आता क्रेश चालवणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. बाळांच्या खोलीत एका बाईमागे तीन बाळं, तिन्हींची कमाल फी धरली तर आठवड्याला ८८५ युरो. क्रेश सकाळी ८ ते संध्याकाळी ६ म्हणजे आठवड्याला ५० तास उघडं. या क्षेत्राला ऑक्टोबर २०२५ पासून तासाला किमान १५ युरो पगार ठरलाय, म्हणजे त्या तीन बाळांजवळ सतत कुणीतरी असायचं तर नुसता पगारच ७५० युरो, वर मालकाने भरायचा विमा सुमारे ११ टक्के, सुट्टीचा पगार, आजारपणाची रजा, जेवण, भाडं, वीज, इमारतीचा विमा. हातात काही उरत नाही. तेच तीन ते सहाच्या खोलीत एका बाईमागे आठ मुलं, २,३६० युरो. तुम्ही क्रेश काढलं असतं तर कोणती खोली मोठी केली असती?

सरकारला हे कळत नाही असं नाही. फीव्यतिरिक्त क्रेशला थेट सरकारकडून पैसे मिळतात, त्याला कोअर फंडिंग म्हणतात, आणि बाळांच्या खोलीला ते जास्त मिळतात. तरीही बाळांच्या जागा सगळ्यात कमी, कारण खोली आहे तर माणूस मिळत नाही. डब्लिनमध्ये तासाला १५ युरोवर घर भाड्याने घेऊन राहणं अवघड आहे, आणि लहान मुलांच्या शिक्षणाची पदवी घेतलेली मुलगी दोन वर्षांत शाळेत सहायक म्हणून निघून जाते, तिथे पगार बरा आणि उन्हाळ्याची सुट्टी असते. ती गेली की त्या खोलीतल्या तीन बाळांना ठेवता येत नाही, कायद्यानेच नाही. त्यामुळे चालू क्रेशमधल्या खोल्याही मध्येच बंद होतात, आणि ज्यांना जागा मिळालेली असते त्यांनाही महिन्याभरात दुसरी शोधा असं पत्र येतं. असं पत्र आलेल्या आईशी मी बोललोय. तिला काय सल्ला द्यायचा तेच सुचत नाही.

आता यात फी कमी केली तर काय होईल? २०२३ मध्ये महाराष्ट्रात एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा गाड्या भरभरून वाहायला लागल्या, कारण तिकीट निम्मं झालं पण गाड्या काही दुप्पट झाल्या नाहीत. इथेही तसंच आहे. २०० युरो झाले तर आज जे एक पालक घरी बसतात किंवा अर्धवेळ काम करतात तेही क्रेश मागतील, आणि मागावंच, त्यांचा हक्क आहे. पण जागा आणि माणसं तेवढीच राहिली तर रांग लांबणार, आणि रांग लांबली की ज्यांना आधीपासून ओळख आणि माहिती असते ते पुढे जातात, नवीन आलेला मागे.

"सरकार स्वतःच का चालवत नाही? शाळा चालवतंच की"

रास्त प्रश्न. इथे क्रेश बहुतेक सगळी खाजगी किंवा स्थानिक सामाजिक संस्थांची, सरकार पैसे देतं, नियम करतं, टुस्ला नावाची संस्था तपासणी करते, पण क्रेश सरकारचं नसतं. याला इतिहास आहे.

१९३७ च्या आयरिश राज्यघटनेत ४१.२ हे कलम आहे, त्यात लिहिलंय की घरातल्या आपल्या जगण्यातून बाई देशाला आधार देते आणि आर्थिक गरजेपोटी आईला घराकडे दुर्लक्ष करून काम करावं लागू नये असा प्रयत्न सरकार करेल. नुसतं कागदावर नव्हतं ते. सरकारी नोकरीत बाईचं लग्न झालं की नोकरी सोडावी लागायची, हा नियम १९७३ पर्यंत होता. आज सत्तरीच्या वर असलेल्या कितीतरी आयरिश आज्यांनी लग्नाच्या दिवशी नोकरी सोडलीय. ज्या देशाने आई घरीच असणार असं धरलं होतं तो देश सार्वजनिक पाळणाघरं कशाला बांधेल? मग नव्वदीच्या दशकात अर्थव्यवस्था एकदम धावायला लागली, बायका मोठ्या संख्येने कामावर गेल्या, आणि पाळणाघरं कुणी बांधलेलीच नव्हती, ती पोकळी खाजगी क्रेशनी भरली. सरकारने आधी इमारतींना अनुदानं दिली, मग २००६ मध्ये सहाच्या आतल्या दर मुलामागे वर्षाला १,००० युरो रोख दिले, मंदी आली तेव्हा ते बंद करून ईसीसीई आणली.

४१.२ बदलण्यासाठी ८ मार्च २०२४ ला सार्वमतही झालं, लोकांनी तो बदल मोठ्या फरकाने नाकारला, पर्यायी शब्दरचना अनेकांना पटली नाही. कलम अजून तसंच आहे.

पैसा मात्र आता खरंच येतोय, लहान मुलांच्या या क्षेत्रावर सरकार २०२३ पासून वर्षाला एक अब्ज युरोच्या वर खर्च करतंय. आणि नव्या सरकारच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच सरकारी मालकीच्या जागा उभ्या करायचं लिहिलंय. माझ्या मते २०० युरोच्या आकड्यापेक्षा हे वाक्य जास्त महत्त्वाचं आहे, पण बातम्यांत ते मागे पडलं.

"मग क्रेशवाले लुटतात का?"

बिल बघितलं की असं वाटणं साहजिक आहे. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. कोअर फंडिंग घेणाऱ्या क्रेशनी सप्टेंबर २०२२ ला करारात शिरताना आधीच्या वर्षीची फी गोठवून ठेवायचं मान्य केलं. ज्यांची फी तेव्हा कमी होती ते कमी फीवरच अडकले, खेड्यातली छोटी, चांगली चाललेली क्रेश यात भरडली गेली, आणि ज्यांची आधीच जास्त होती ते जास्तीवर. म्हणून शेजारशेजारच्या दोन क्रेशच्या फीत आजही बराच फरक दिसतो. २९५ ची मर्यादा वरच्यांना खाली ओढते, खालच्यांना ती काही देत नाही.

करारात नसलेली क्रेशही आहेत, थोडी आहेत, ती हवी तेवढी फी लावू शकतात. फोन केल्यावर कोअर फंडिंगमध्ये आहात का हे विचारायचं ते यासाठी. आणि जेवण, सहली, नोंदणीची अनामत यांचं वेगळं काय लागतं तेही विचारा, फीचा तक्ता दाखवणं त्यांना बंधनकारक आहे. टुस्लाचे तपासणी अहवाल इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात, नाव टाकायच्या आधी दहा मिनिटं काढून वाचाच. शाळेच्या पटांगणात ऐकलेल्या चांगल्या वाईट गोष्टींपेक्षा त्यात जास्त कळतं.

क्रेश नाही तर चाइल्डमाइंडर

चाइल्डमाइंडर म्हणजे आपल्या घरी थोडी मुलं सांभाळणाऱ्या बाई. आयर्लंडमध्ये पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय, गल्लीतली एखादी मेरी किंवा ब्रिजिड, पण त्यातल्या बहुतेक जणी कुठेच नोंदलेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्याकडे मूल ठेवलं तर एनसीएस मिळायची नाही. ३० सप्टेंबर २०२४ पासून त्यांच्यासाठी वेगळे, हलके नियम आले, घर हे घरच राहील असे, आणि नोंदणी केली की त्यांच्याकडच्या मुलांनाही सबसिडी लागू. नोंदणी करायला तेव्हापासून तीन वर्षांची मुदत आहे. या क्षेत्रात वर्षाला १५,००० युरोपर्यंतच्या कमाईवर, तीनपर्यंत मुलं सांभाळली तर, करातही सूट आहे.

मला व्यक्तिशः लहान बाळांसाठी हा पर्याय फार आवडतो, पाच माणसं बदलण्यापेक्षा एकच माणूस रोज. आपल्यातल्या ज्या बायका इथे घरी आहेत आणि ज्यांना मुलांची आवड आहे त्यांनीही याकडे जरूर बघावं, पोलीस पडताळणी, प्रथमोपचार आणि थोडं प्रशिक्षण लागतं, आधी आपल्या व्हिसावर स्वतःचा व्यवसाय चालतो का ते मात्र तपासून घ्या. आजारी पडल्या की बदली माणूस नसतो, हा यातला एक तोटा.

"आजीआजोबांना बोलवून घ्या ना"

पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून हा सल्ला हमखास येतो, आणि अर्ध्या मराठी घरांत पहिलं वर्ष असंच निघतं. पण भेटीचा व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. मग आधी आईकडचे तीन महिने, ते गेले की सासरकडचे तीन महिने, अशी पाळी लावतात. सहा महिने निघतात. पुढे काय? आईवडिलांना कायम इथे ठेवायचा मार्ग आहे, पण उत्पन्नाच्या आणि आरोग्य विम्याच्या अटी कडक आहेत आणि फार थोड्यांना तो जमतो.

दुसरंही एक आहे जे कुणी बोलत नाही. साठी ओलांडलेली दोन माणसं डिसेंबरात येतात, चार वाजून गेले की बाहेर अंधार, ओळखीचं कुणी नाही, पाऊस, आणि दिवसभर रांगणारं बाळ उचलायचं. प्रेमाने करतात, तक्रार करत नाहीत, गुडघे मात्र बोलतात. बोलवा, जरूर बोलवा, नातवंडाला त्यांचा सहवास मिळावाच, पण क्रेशच्या जागी म्हणून त्यांना मोजू नका. त्यांची तीन महिन्यांची भेट मूल क्रेशमध्ये रुळतंय त्या आठवड्यांत आली तर सगळ्यात उपयोगी, कारण त्याच काळात मूल सारखं आजारी पडतं.

आजारपण, ज्याचा हिशोब कुणी धरत नाही

क्रेशचा पहिला हिवाळा म्हणजे सर्दी, ताप, उलट्या, परत सर्दी. उलट्या जुलाब थांबल्यावर ४८ तास क्रेशमध्ये घेत नाहीत, हा सार्वजनिक आरोग्याचा नियम आहे, भांडून उपयोग नाही, आणि त्या दिवसांची फी बहुतेक ठिकाणी भरावीच लागते. कायद्याने मूल गंभीर आजारी असेल तर वर्षाला ५ दिवस बिनपगारी रजा मिळते, अगदी अचानक घरी धावावं लागलं तर १२ महिन्यांत ३ दिवस पगारी. बस.

डॉक्टरचं मात्र सोपं आहे. ८ वर्षांखालच्या सगळ्या मुलांना जीपी, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, मोफत, उत्पन्न कितीही असो, फक्त कार्डासाठी नोंदणी करायची. २०१५ मध्ये सहाच्या आतल्यांसाठी ही सोय सुरू झाली तेव्हा आरोग्यमंत्री होते लिओ वराडकर, वडिलांकडून मूळ मालवणजवळच्या वराड गावचे, आणि २०२३ मध्ये ती आठपर्यंत वाढवली. रात्री थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला गेलात तर १०० युरो, जीपीचं पत्र घेऊन गेलात तर ते लागत नाहीत.

"शाळा सुरू झाली की सुटलो"

शाळा साधारण चार ते पाचच्या मध्ये कधीतरी सुरू होते, कायद्याने सहाव्या वर्षी सक्तीची. पहिली दोन वर्षं ज्युनिअर आणि सीनिअर इन्फंट्स. त्यांची शाळा ९ ला भरली तर १ वाजून ४० मिनिटांनी सुटते! जुलै ऑगस्ट पूर्ण सुट्टी, वर मध्ये मध्ये आठवडाभराच्या सुट्ट्या. म्हणजे आफ्टरस्कूल लागतंच आणि तिथेही रांग. तिथे एनसीएस चालते एवढं बरं.

प्रवेशाचं जुनं ऐकलेलं बाजूला ठेवा. पूर्वी बाळ जन्मलं की शाळेत नाव टाकायचे आणि बाप्तिस्मा झालेल्यांना आधी जागा मिळायची. २०१८ च्या प्रवेश कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांना गर्दी असताना बाप्तिस्मा बघून निवड करायची बंदी केली, आणि वर्षानुवर्षांच्या नावनोंदणीच्या याद्याही आता गेल्या. आता अर्ज आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या आधी शाळेला घेताच येत नाहीत. नव्याने आलेल्या आपल्यासारख्यांना याचा खरा फायदा झालाय.

साधारण दहातल्या नऊ प्राथमिक शाळा अजूनही कॅथलिक व्यवस्थापनाच्या आहेत. आपल्या मुलाला धर्माच्या तासाला न बसवण्याचा हक्क घटनेने दिलाय, प्रत्यक्षात ते मूल त्याच वर्गात मागे चित्र काढत बसतं, आणि दुसरीला फर्स्ट कम्युनियनची, म्हणजे कॅथलिक मुलांच्या एका धार्मिक विधीची, तयारी महिनोन्महिने चालते तेव्हा त्याला थोडं एकटं वाटू शकतं, घरी आधी बोलून ठेवा. एज्युकेट टुगेदरची शाळा किंवा कम्युनिटी नॅशनल स्कूल, म्हणजे कुठल्या एका धर्माची नसलेली शाळा, जवळ असेल तर तो प्रश्न येत नाही, पण तिथे अर्ज जास्त. प्राथमिकची पुस्तकं २०२३ पासून मोफत आहेत.

"एवढी कटकट तर एकाने घरी राहावं"

राहावं, ज्याला राहायचंय त्याने. दर मुलामागे महिन्याला १४० युरो चाइल्ड बेनिफिट मिळतो, बाळ झाल्यावर पहिल्या महिन्यात २८० जास्त. पण डब्लिनचं भाडं त्यात निघत नाही, आणि मे २०२४ पासून जनरल परमिटवर, म्हणजे नोकरीच्या साध्या परवान्यावर, आलेल्यांच्या जोडीदारांनाही वेगळ्या परमिटशिवाय नोकरी करता येते, म्हणजे शिकलेली, अनुभव असलेली बाई इथे येते, कामाची परवानगी असते, आणि क्रेश नाही म्हणून घरात बसते. असं घर मी जवळून बघितलंय आणि मला ते फार अन्यायाचं वाटतं. बहुतेक वेळा घरी बसते ती तीच, तो नाही.

मग कोणत्या क्रमाने काय करायचं

नोकरी पक्की झाली की घर बघायच्या आधी क्रेशला फोन. खरंच. घर कुठे घ्यायचं ते क्रेशवर ठरवलेलं बरं. फक्त ईमेल टाकून थांबू नका, दर महिन्याला फोन करा, कारण जागा अचानक सुटते आणि समोर जो असतो त्याला मिळते. सप्टेंबरला मोठी मुलं शाळेत जातात आणि सगळ्या खोल्या एक पायरी पुढे सरकतात, जागा सुटायचा मोसम तोच.

बाळ इथेच होणार असेल तर गरोदरपणातच नाव टाका. आणि दोघांच्या रजा एकावर एक न ठेवता एकामागे एक लावा, आईचे २६, त्यांना लगेच जोडून बिनपगारी १६ पैकी जमतील तेवढे, मग तिचे ९, मग बाबाचे ९, सगळे लावले तर मूल वर्षाचं पूर्ण होऊन वर थोडे आठवडे जातात, आणि ते तिघांच्या खोलीतून पाचांच्या खोलीत जातं. तिथे जागा मिळायची शक्यता बरीच जास्त. बिनपगारीचे आठवडे परवडतात का हे प्रत्येकाचं वेगळं, आधी साठवून ठेवता आलं तर ठेवा.

जागेचा होकार आला की त्याच दिवशी एनसीएसचा अर्ज करा. मुलाचा पीपीएस नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, आणि स्वतःचं पडताळलेलं मायगव्हआयडी, म्हणजे सरकारी सेवांचं ऑनलाइन खातं, आधीच तयार असू द्या, नवीन आलेल्यांचे बरेच आठवडे याच दोन गोष्टींत जातात. मंजुरी आली की एक कोड मिळतो, त्याला चिक म्हणतात, तो क्रेशला द्यायचा, त्यांनी तास नोंदवले की तुम्ही लॉगिन करून ते मान्य करायचे. हे मान्य करणं राहिलं तर सबसिडी सुरू होत नाही आणि मागच्या आठवड्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत. उत्पन्न बघून मिळणारी सबसिडी दर वर्षी नव्याने मागावी लागते, संपायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.